रविवारचा वास

"शाबास," कृष्णकांतराव म्हणाले. "कळलं मला. सोडलंत म्हणे सगळं. फार छान केलंत, नरखेडकर."

अंबाझरी तलावाच्या बांधावर नुकतं कुठे उजाडलं होतं. डिसेंबरची थंडी कानाला झोंबत होती आणि देवाजी नरखेडकर, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे हात हलवत, तोंड मिटून, दुसरी फेरी पुरी करत होता. समोरून मफलर गुंडाळलेले सडपातळ कृष्णकांतराव आले, थांबले, हे बोलले, त्याच्या दंडावर दोन बोटांनी थोपटलं आणि पुढे निघूनही गेले. बोलणं एवढंच. दुसरा कुणी असता तर घरी पोचेपर्यंत विसरला असता. देवाजीच्या मात्र अंगाची लाही लाही झाली, कारण त्या शाबासकीला उत्तर म्हणून त्याने चक्क हात जोडले होते आणि तो 'धन्यवाद' म्हणाला होता. एकावन्न वर्षांचा माणूस, सरकारी कचेरीतला हेड ड्राफ्ट्समन, आणि समोरच्या म्हाताऱ्याने थोपटताच 'धन्यवाद' म्हणून मोकळा! तो शब्द आता परत ओढून घेता येत नव्हता. बांध संपेपर्यंत तो दात आवळून स्वतःला शिव्या देत राहिला आणि तिसरी फेरी न करताच घरी वळला.

सोडलं होतं हे खरंच होतं. ऑगस्टात एका दुपारी तो कचेरीत एका पुलाच्या नकाशावर शाई चढवत होता आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हातून रेघ वाकडी गेली. त्याने रेघेकडे बघितलं, मग हाताकडे. छातीवर कुणी पाय देऊन उभं राहावं तसं झालं आणि दाढ ठणकावी तसा जबडा ठणकायला लागला. अकरा दिवस इस्पितळात काढल्यावर एका चष्मेवाल्या तरुण डॉक्टरने त्याला समोर बसवून सांगितलं: मटण बंद, अंडी बंद, डालडा-तूप बंद, दुधावरची साय तर बघायचीही नाही. पालेभाजी, कडधान्यं, फळं, ज्वारीची भाकर, आणि रोज सकाळी तासभर चालणं. देवाजीला जगायचं होतं. नकाशाचं माप सांभाळावं तसं त्याने पथ्य सांभाळलं. पहिले दोन आठवडे जिभेने हैराण केलं, मग तिनेही नाद सोडला. पोट उतरलं, जिना चढताना लागणारी धाप गेली, आणि लाज वाटावी इतकं बरं वाटायला लागलं. बायकोचा, कौसल्येचा, भाऊ दादाजी इंदोरा वस्तीतून भेटायला आला तेव्हा भावजींच्या ताटातली अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी बघून तो म्हणाला, "काहून भाऊजी, जानवं कधी घालता मंग?" देवाजी म्हणाला, "डॉक्टरनं सांगतलं ना गा." "तुमाले डॉक्टरनं सांगतलं," दादाजी म्हणाला, "पन समोरच्याले काय वाटन? त्याले वाटन, सुधारला बुवा एकदाचा." सगळे हसले. देवाजीही हसला, पण ते बोलणं त्याच्या मनातून गेलं नाही.

कारण समोरचा म्हणजे कृष्णकांतराव, आणि देवाजीचं घर उभं राहिलं होतं तेच मुळी त्यांच्यावर नेम धरून. अडुसष्ट साली लेआउटमधले प्लॉट विकायला निघाले तेव्हा कोपऱ्यावरचे दोन चांगले प्लॉट सोडून त्याने हा धरला, कृष्णकांतरावांच्या व्हरांड्याच्या बरोबर समोरचा. नकाशा स्वतः काढला. नागपुरात स्वयंपाकघर पश्चिमेला काढू नये हे कचेरीत नकाशे उतरवणाऱ्या कालच्या ट्रेसरनेही सांगितलं असतं; मे महिन्यात दुपारी चारला तिथे भिंतीला पाठ टेकवत नाही. देवाजीने ते पश्चिमेलाच काढलं, कारण व्हरांडा पश्चिमेला होता. त्याला रस्त्याच्या बाजूने रुंद खिडकी ठेवली आणि खिडकीच्या वर सीताबर्डीहून आणलेला एक्झॉस्ट पंखा बसवला, साहेबांच्या घरीही असला पंखा नव्हता त्या काळात. मग दर रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला त्या स्वयंपाकघरात मटण शिजायला लागायचं. कौसल्या खसखस, दगडफूल, सुकं खोबरं भाजायची, तेलात वाटण पडायचं, आणि देवाजी स्वतः उठून पंख्याचं बटन दाबायचा. पंखा घरघरायचा. देवाजी खिडकीच्या आडोशाला उभा राहून समोर बघायचा. कृष्णकांतराव व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत बसलेले असायचे. कधी ते मधेच उठून आत जायचे, आणि त्या दिवशी देवाजीला एक भाकर जास्त जायची. चौदा वर्षांत रविवार चुकला नाही. पौर्णिमेला कौसल्या उपोसथाचा उपास धरायची. पौर्णिमा रविवारी आली तर ती स्वतः न खाता शिजवायची. देवाजीला ते दिसायचं. तरी तो बटन दाबायचा.

हे सगळं सुरू झालं होतं त्याच समोरच्या घरात, अठ्ठावन्न साली. तेव्हा देवाजी सत्तावीस वर्षांचा, नुकताच नोकरीला लागलेला ट्रेसर, लग्नाला वर्षही न झालेला. कृष्णकांतरावांच्या घराची मागची खोली त्याने भाड्याने घेतली होती. शाळेत मास्तरांनी आडनावाच्या जागी बाजाराचं गाव लिहून टाकलं होतं, त्यामुळे नावावरून कुणाला काही उमगायचं नाही. आणि कृष्णकांतरावांनी, ज्यांचे पूर्वज भोसल्यांच्या दफ्तरात कारकुनी करायला आले आणि इथलेच झाले, 'नरखेडकर' ऐकून आपल्याला हवा तो अर्थ काढला. देवाजीने खोटं सांगितलं नाही. खरं कुणी विचारलं नाही. आठ महिने नीट गेले, आणि त्या आठ महिन्यांत त्या खोलीत मटण सोडाच, अंडंसुद्धा फुटलं नाही, कारण कौसल्या घाबरायची. कांदा जास्त भाजला गेला तरी दार लावून घ्यायची. मग एका संध्याकाळी तिचे वडील धोंडबा गावाहून लेकीला भेटायला आले. डोक्यावर संत्र्यांची पाटी होती, आणि दोन वर्षांपूर्वी दीक्षा घेतल्यापासून माणूस असा ताठ झाला होता की फाटकातूनच त्यांनी अंगणात उभ्या असलेल्या घरमालकाला खणखणीत 'जय भीम' ठोकला. कृष्णकांतरावांनी मान हलवली. यंदा संत्री कशी आहेत हेही विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खोलीच्या दाराशी आले ते धोतराचा सोगा नाकाला लावूनच.

"तुमच्या खोलीतून मटणाचा वास येतो आहे," ते म्हणाले. "घरात देव आहेत. आम्हाला हे चालायचं नाही."

चुलीवर तुरीची डाळ होती. देवाजीने झाकण काढून दाखवलं. त्यांनी आत बघितलंही नाही. "मला वास येतो आहे ना," ते म्हणाले, आणि वळून गेले. कायदा होऊन तीन वर्षं झाली होती. त्यांनी जातीचं नाव काढलं असतं तर देवाजीला कोर्टात उभं राहता आलं असतं. मटणाला कुठला कायदा? दुपारी निरोप मिळून तो कचेरीतून धावत आला तेव्हा सामान अंगणात होतं. खोलीतली मातीची चूल गड्याने फोडून तिचे तुकडे कुंपणाबाहेर टाकले होते आणि फरशी धुणं चाललं होतं. कौसल्या डाळीचं पातेलं मांडीवर घेऊन ट्रंकेवर बसली होती. व्हरांड्यातून कृष्णकांतराव अगदी सौम्यपणे, भल्याचं सांगावं तसं म्हणाले, "हे खाणं सोडा तुम्ही लोक. त्याशिवाय वर यायचे नाही." त्या वाक्यावर देवाजी चोवीस वर्षं जगला. परीक्षा दिल्या त्या त्याच्यावर, बढत्या घेतल्या त्या त्याच्यावर, आणि घर बांधलं तेही त्याच्यावरच. न शिजलेल्या मटणाचा वास आला ना तुला? मग आता शिजलेल्याचा घे. घर बांधून झालं तेव्हा कृष्णकांतराव नवे शेजारी म्हणून चौकशीला आले, जुन्या ओळखीचं अक्षरही बोलले नाहीत, आणि देवाजीने मनात म्हटलं, कर नाटक, रविवारपर्यंत कर. आणि आता चौदा वर्षांनी त्याच म्हाताऱ्याने त्याला शाबासकी दिली होती. त्याच्या हिशेबी त्याचा उपदेश लागू पडला होता. उशिरा का होईना, नरखेडकर वर आले होते.

एकदा शाबासकी दिल्यावर कृष्णकांतराव थांबेनात. चाळीस वर्षं ते त्या बांधावर फिरत आलेले, बायको उत्तराबाई गेल्यापासून एकटे पडलेले, बोलायला माणूस हवाच होता. ते रोज देवाजीची वाट बघत उभे राहू लागले आणि चालता चालता शिकवू लागले. दुधी किसून घ्यावा, कारल्याचा रस अनशापोटी, अन्न सात्त्विक असलं की विचार आपोआप शुद्ध होतात, तुम्हाला स्वतःला फरक जाणवत असेल बघा. बांधावर भेटणाऱ्या चार पेन्शनरांपुढे ते देवाजीला खांद्याला धरून उभं करायचे. "हे आमचे समोरचे नरखेडकर. अहो, दर रविवारी यांच्याकडे असायचं. आता एकदम बंद! मनुष्याने ठरवलं की होतं." पेन्शनर कौतुकाने बघायचे. देवाजीला वाटायचं, सांगावं की मी काही ठरवलं नाही, माझ्या छातीने ठरवलं. सांगावं की अजूनही मटण दिसलं की माझ्या तोंडाला पाणी सुटतं आणि तुझं तोंड दिसलं की ते पाणी कडू होतं. पण तो कचेरीत बोलतो तसली धुतलेली मराठी तोंडात घोळवत 'हो ना', 'खरं आहे' म्हणायचा. घरी येऊन अंघोळ करताना मात्र जिथे म्हाताऱ्याचा हात पडला होता तो खांदा लाल होईपर्यंत घासायचा.

तिसऱ्या रविवारी त्याचा धीर संपला. तो पिशवी घेऊन बाहेर पडला आणि अर्धा किलो मटण घेऊन आला. कौसल्या मेथी निवडत बसली होती. पुडकं बघून तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"हे कोनासाठी?"

"शिजव वं. मी खानार नाही. नुसतं शिजव अन् पंखा लाव."

"मी नाही शिजवत," कौसल्या म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "चौदा उन्हाळे मी त्या खिडकीपाशी भाजून निघाली. तुमी म्हनलं म्हून. मले वाटे, मानसाच्या पोटात आग हाय, निघन एक दिवस बाहीर. आता तुमची छाती दुखते, अन् तुमाले अजून त्याच्या नाकाचीच पडली हाय?"

"तुले नाही समजत."

"मले नाही समजत? ट्रंकेवर कोन बसलं होतं त्या दिवशी? तुमी त कचेरीत होते."

चोवीस वर्षांत तिने त्या दुपारबद्दल एक शब्द काढला नव्हता आणि तो समजून चालला होता की ती दुपार त्याची आहे. गड्याने चूल फोडली तेव्हा ती कुठे उभी होती, तिला कुणी उठवलं, डाळीचं पातेलं तिने कसं वाचवलं, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. तेव्हा शरम वाटली त्याला. पण शरमेने माणूस नरमच पडतो असं थोडंच आहे? त्याची शरम खाली गेली आणि तळाशी असलेल्या द्वेषाला जाऊन मिळाली. मटण दादाजीकडे गेलं. कौसल्येने पुन्हा मेथी निवडायला घेतली आणि देवाजी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

त्यानंतर आठवड्याभराने बांधाच्या पल्याडच्या टोकाला झुडपांत एक कुत्रं मरून पडलं. दोन दिवसांत तिथे उभं राहवेना. बाकीचे फिरणारे अलीकडूनच वळायला लागले. देवाजीही वळत होता, पण कृष्णकांतराव बोलण्याच्या भरात पुढे निघाले आणि देवाजी नाकाला रुमाल दाबून त्यांच्या मागे गेला. कुत्रं फुगलं होतं. त्याच्यापासून चार पावलांवर उभं राहून कृष्णकांतरावांनी छाती भरून श्वास घेतला. "घ्या, नरखेडकर, असा खोल श्वास घ्या. पहाटेची हवा म्हणजे अमृत."

"तुम्हाला वास येत नाही?" देवाजीने विचारलं.

"कसला?" त्यांनी इकडेतिकडे बघितलं, मग कुत्र्याकडे लक्ष गेलं आणि हसले. "अरे हो का! अहो, मला वासच येत नाही. नऊ वर्षांचा असताना चिंचेवरून डोक्यावर पडलो, तेव्हापासून हे नाक नुसतं चष्मा ठेवायला. आमची उत्तरा म्हणायची, तुमच्यासारखा नवरा सुखाचा, वरण करपलं तरी कळत नाही."

ते बोलत पुढे चालले. देवाजी कुत्र्याजवळच उभा राहिला आणि त्याने रुमाल खाली घेतला, तरी त्याला काही जाणवेना. नऊ वर्षांचा असताना. म्हणजे अठ्ठावन्न साली धोतराचा सोगा नाकाला लावून दारात उभा होता तेव्हा या माणसाला डाळीचाही वास येत नव्हता, मटणाचाही नाही, फुलांचाही नाही. 'मला वास येतो आहे ना.' त्या एका गोष्टीत तरी तो खरा असेल असं देवाजीने इतकी वर्षं धरलं होतं. कुठूनतरी, शेजारच्या घरातून म्हणा, आला असेल वास, नाहीतर भास झाला असेल. तोही नाही. नाक नसलेल्या माणसाने नाक धरलं होतं. आणि त्याच नाकावर आपण घर बांधलं! पंखा लावला! आडोशाला चोरासारखे उभे राहून दर रविवारी बघत बसलो, आणि हा तिथे वर्तमानपत्रातली मरणं वाचत होता. मधेच उठून आत जायचा तो लघवीला जात असेल. देवाजीला हसू आलं असतं तर कदाचित सगळं तिथेच मिटलं असतं. हसू आलं नाही. कौसल्येची भाजून काळवंडलेली मनगटं डोळ्यांपुढे आली आणि त्याला इतकं स्पष्ट कळलं की आपण मोठ्याने बोललो की काय म्हणून त्याने मागे बघितलं: या माणसाला मारायला हवं.

कसं, ते पायांना आधी सुचलं. परतताना तो नेहमीपेक्षा जरा जलद चालला आणि म्हाताऱ्याच्या अर्धं पाऊल पुढे राहिला. अर्धंच. कृष्णकांतराव बोलता बोलता पुढे सरकले. देवाजी पुन्हा अर्धं पाऊल पुढे. चाळीस वर्षांत त्या बांधावर त्यांना कुणी मागे टाकलेलं नव्हतं आणि हा तर त्यांचा चेला, कालपरवा मटण सोडलेला. टोकाला पोचेपर्यंत म्हाताऱ्याचं बोलणं बंद झालं होतं आणि मफलरखाली मानेची शीर उडत होती. देवाजीने ती शीर बघून ठेवली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आता पथ्य डॉक्टरांचं राहिलं नाही. देवाजीने चहातलं दूध बंद केलं, दही बंद केलं, साखर बंद केली. मोड आलेली मटकी, भाकर, कच्चा पालक, दोन संत्री. शरीर हलकं व्हायला हवं होतं, पाय कठीण व्हायला हवे होते. संध्याकाळी तो घराच्या जिन्यावरून वीस वेळा वर-खाली करायचा. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. नाडी तपासताना डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "तुमच्यासारखे पेशंट मिळायला हवेत, काय सांगू!" आणि देवाजीला आतून गुदगुल्या झाल्या. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच बदला आणि तब्येत एका बाजूला होत्या. समोरच्या घरी मात्र हिवाळ्याचे डिंकाचे लाडू चालले होते, रात्री तुपाची धार सोडलेलं दूध चाललं होतं, आणि सकाळी एकोणसत्तर वर्षांचा माणूस एकावन्न वर्षांच्या माणसाला गाठायला धापा टाकत होता. कोण काय म्हणणार होतं? दोन शेजारी सकाळी फिरायला जातात. त्याला मटणासारखा वासही येत नाही.

जानेवारीच्या मध्यावर कृष्णकांतरावांची सून चारुलता फाटकाशी आली. देवाजी कचेरीला निघाला होता. "काका," ती चाचरत म्हणाली, "बाबा फिरून आले की हल्ली अर्धा तास बोलतच नाहीत. ओठ निळे दिसतात. डॉक्टरांनी सांगितलंय, हळू चालायचं, नाहीतर भारी पडेल म्हणून. आमचं कुणाचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. दिवसभर तुमचंच नाव असतं घरात. सांगाल?" तिच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती आणि देवाजीचं तिच्याशी काही वैर नव्हतं. "सांगतो," तो म्हणाला. सायकल काढून चौकापर्यंत गेला तेव्हा लक्षात आलं की आपण शीळ घालतो आहोत. म्हणजे आता कळलं होतं. इतके दिवस निदान असं म्हणता येत होतं की मी माझा चालतो, त्याने यावं की नाही तो बघेल. आता चारुलतेने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं की यात माणूस मरेल. दुसऱ्या दिवशी देवाजी आणखी जलद चालला.

आणि चौथ्या दिवशी, तलावावर धुकं होतं, बांधावर त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं, तिसऱ्या फेरीला पल्याडच्या टोकाशी मागची पावलं थांबली. देवाजीला ते लगेच कळलं. तो थांबला नाही. आणखी तीस पावलं गेला, मोजून तीस, आणि त्या तीस पावलांत त्याला कसलंही वाईट वाटलं नाही. पाण्यावर एक पाणकोंबडी होती, तिच्याकडेही त्याचं लक्ष गेलं. मग वळून बघितलं. कृष्णकांतराव बांधाच्या दगडावर बसले होते, एक हात छातीशी, दुसरा जबड्याला लावून. दाढ दुखल्यासारखा. घाम फुटलेला इथूनही दिसत होता. देवाजीला त्या घामाची चव माहीत होती. त्याला माहीत होतं की आता या माणसाच्या छातीवर कुणीतरी पाय देऊन उभं आहे, की त्याला आत्ता श्वासापलीकडे काही नको आहे, की दहा मिनिटं आपण नुसते इथे उभे राहिलो तर संपलं. आणि तेव्हाच त्याच्या मनात आलं की संपलं तर काय संपलं? हा मरणार तो सकाळच्या अमृतात फिरताना, आपल्या नरखेडकरांना सुधारून. पेन्शनर म्हणणार, पुण्यवान माणूस, चालता चालता गेला. चूल, डाळ, ट्रंक, चौदा उन्हाळे, सगळं याच्यासाठी कधी घडलेलंच नाही आणि आता घडणारही नाही. हा सुटला. देवाजी इतका जोरात पळत परत आला की त्याला स्वतःचं नवल वाटलं.

"उठा," तो म्हणाला. म्हाताऱ्याने नकारार्थी मान हलवली. देवाजीने पाठ करून त्याच्यापुढे बैठक मारली, त्याचे दोन्ही हात आपल्या गळ्याभोवती ओढून घेतले, मांड्यांखाली हात घातले आणि त्याला पाठुंगळी उचललं. पायांनी साथ दिली. तीन आठवडे त्यांना घडवलंच होतं, भलत्याच कामासाठी का होईना. बांध जिथे रस्त्याला लागतो तिथे सकाळी रिक्षे असतात. तिथवर पाऊण किलोमीटर. कृष्णकांतरावांची हनुवटी त्याच्या खांद्यावर टेकली होती आणि तोंड त्याच्या कानापाशी होतं. त्यांना कुठे जाता येणार नव्हतं. देवाजीला भयंकर आनंद झाला.

"आता आयक," तो म्हणाला. धुतलेली मराठी कुठल्या कुठे गेली होती. "अठ्ठावन्न साल. तुह्या घराची मांगची खोली. चुलीवर तुरीची डाळ होती, मटन नोतं. झाकन काढून दाखवलं मी तुले, तू पाह्यलं नाही. तुले वास येत नोता. कशाचाच येत नोता. तरी तू नाक धरून उभा होता. माही बायको ट्रंकेवर बसून होती, पातेलं मांडीवर घेऊन, अन् तू तिच्यापुढे माही चूल फोडली." त्याने श्वास घेतला. मग पुन्हा सुरुवात केली. खिडकीचं सांगितलं, पंख्याचं सांगितलं, रविवारांचं सांगितलं. मग जे कुणालाच सांगायचं नव्हतं तेही सांगितलं. "अन् हे चालनं बी तुले मारासाठीच होतं. तुही सून मले सांगून गेली होती. मी तरी चाललो. समजलं का?"

खांद्यावरून श्वास तुटक तुटक येत होता. मग कृष्णकांतराव म्हणाले, "माहीत आहे."

"काय मालूम हाय?"

"खोली. डाळ." शब्दांमधून ते दम घेत होते. "घर बांधायला आलात... त्या दिवशीच ओळखलं."

"मंग बोलला काहून नाही?"

देवाजीच्या कानाला काहीतरी ओलं लागलं. घाम असेल, लाळ असेल, काहीही असेल, त्याला ते जाणून घ्यायचं नव्हतं. माहीत होतं याला. सगळं माहीत असून समोर वर्तमानपत्र धरून बसला होता. देवाजीला वाटलं होतं की हे ऐकून आपण जिंकू, आणि ते खरंही होतं, कुठेतरी काहीतरी जिंकल्यासारखं होत होतं, पण त्याच वेळी त्याची स्वतःची छाती आवळायला लागली होती. हलकी नाही, चांगलीच. धुक्यातून रस्ता दिसत होता. रिक्षावाले शेकोटी करून बसलेले दिसत होते. हाक पोचली नसती. अजून शे-दीडशे पावलं.

"मला खाली ठेवा," कृष्णकांतराव म्हणाले. आवाजात विनवणी होती, आणि ती त्या आवाजाला सवयीची नव्हती. "नरखेडकर, ऐका माझं. असं तुमच्या पाठीवरून नको. ठेवा मला खाली."

"नाही ठेवत तुले," देवाजी म्हणाला. त्याने ओझं एक हिसका देऊन वर घेतलं, म्हाताऱ्याच्या मांड्या घट्ट धरल्या आणि रस्त्याचा चढ चढायला लागला.